गिळलं, पण पचलं नाही

शंका-समाधान : पेशीच्या आत राहणारे जिवाणू

(एकसारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.)

प्रश्न : पांढऱ्या पेशी जंतूंना खातात, असं शाळेत शिकलो. मग क्षयाचा जंतू त्याच पेशींमध्ये वर्षानुवर्षं जिवंत कसा राहतो?

उत्तर : खाणं आणि मारणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. शाळेतलं वाक्य पहिल्या क्रियेवरच थांबतं. मॅक्रोफेज ही भक्षक पांढरी पेशी जिवाणूला गिळते तेव्हा तिचं बाहेरचं पटल आत वळतं आणि जिवाणूभोवती एक बंद कप्पा तयार होतो. त्याला फॅगोसोम म्हणतात. सुरुवातीला या कप्प्यात जिवाणूला घाबरण्यासारखं फार काही नसतं. मग पटलावर हायड्रोजन आयन आत ढकलणारे पंप बसतात आणि सामू (पीएच) उतरू लागतो, म्हणजे आत आम्ल वाढतं. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर आत सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा जंतूंना घातक प्रकार सोडतं. शेवटी लायसोसोम, म्हणजे पचवणाऱ्या विकरांच्या पिशव्या, येऊन मिळतात, सामू 5 च्या खाली जातो आणि प्रथिनं, मेद, जिवाणूची भित्तिका असं सगळं तोडणारी विकरं कप्प्यात येतात. बहुतेक जिवाणूंचा निकाल इथेच लागतो.

क्षयाचा जंतू कप्प्याचा हा प्रवासच अडवतो. 1971 मध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की मेलेले जंतू असलेल्या कप्प्यांना लायसोसोम मिळतात, जिवंत जंतू असलेल्या बहुतेक कप्प्यांना मिळत नाहीत. म्हणजे अडवण्याचं काम जंतू स्वतः करतो. त्याची काही हत्यारं आता माहीत आहेत. कप्प्याच्या पटलावरचा एक फॉस्फेटयुक्त मेद ‘पुढे न्या’ अशी खूण म्हणून काम करतो. जंतूचं सॅपएम हे विकर त्यावरचा फॉस्फेटच कापून टाकतं. दुसरं विकर, पीटीपीए, आयन-पंपाला कप्प्यावर बसू देत नाही. परिणामी विश्रांतीतल्या मॅक्रोफेजमध्ये या कप्प्याचा सामू 6.2 ते 6.4 च्या आसपास अडकून राहतो, आणि तेवढं आम्ल क्षयाच्या जंतूला सहज सोसतं.

टिकून राहण्याचा हा एकच मार्ग नाही, इतर जिवाणूंचे वेगळे आहेत. विषमज्वराचा जिवाणू साल्मोनेला कप्पा आम्लधर्मी होऊ देतो. ते आम्लच त्याला इशारा ठरतं, आणि सुईसारख्या यंत्रणेतून तो आपली प्रथिनं कप्प्याच्या भिंतीपलीकडे पेशीत सोडतो. लेजिओनेला तीनशेहून अधिक प्रथिनं पेशीत सोडून एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या पटलांच्या जाळ्याकडून येणारी पटलं स्वतःभोवती ओढून घेतो. कॉक्सिएलाचं तर सगळंच उलटं : तो लायसोसोमच्या आम्लातच वाढतो. लिस्टेरिया आणि शिगेला मात्र भिंत फोडून थेट पेशीद्रवात, म्हणजे कप्प्यांबाहेरच्या पेशीतल्या द्रवात, उतरतात. म्हणून ‘जिवाणू पेशीत आहे’ एवढं सांगून भागत नाही, पेशीत नेमका कुठे हे विचारावं लागतं. पेशी कोणती यंत्रणा वापरेल आणि कोणतं औषध लागू पडेल, हे दोन्ही त्यावरच ठरतं.

प्रश्न : कप्प्यातून निसटून पेशीद्रवात पोचलेला जिवाणू सुटलाच म्हणायचा का? तिथे ना विकरं, ना आम्ल.

उत्तर : सुटला असं अजिबात नाही. गेल्या वीसएक वर्षांत या विषयात सर्वांत जास्त नवं कळलं ते नेमकं इथेच.

पहिली यंत्रणा जिवाणूकडे बघतच नाही. कप्प्याच्या आतल्या पृष्ठभागावर विशिष्ट शर्करांच्या साखळ्या असतात. त्या एरवी पेशीबाहेर किंवा कप्प्याच्या आतच असतात, पेशीद्रवाला कधी दिसत नाहीत. कप्पा फाटला की त्या उघड्या पडतात आणि पेशीद्रवातलं गॅलेक्टिन-8 हे प्रथिन त्यांना चिकटतं. ते एनडीपी52 या मध्यस्थाला बोलावतं, आणि तो एलसी3 हे प्रथिन जडवलेलं नवं पटल तिथे ओढून आणतो. हे पटल जिवाणूला दुहेरी थरात गुंडाळून लायसोसोमकडे नेतं. यालाच ऑटोफॅजी किंवा स्वभक्षण म्हणतात. आमच्या मते ही सगळ्यांत हुशार युक्ती आहे. जिवाणू आपलं बाह्यरूप बदलू शकतो, पण भिंत न फोडता बाहेर पडणं त्याला जमत नाही.

दुसरी खूण युबिक्विटिनची. हे 76 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन पेशी एरवी आपल्याच टाकाऊ प्रथिनांवर चिकटवते. पेशीद्रवात जिवाणू दिसला की त्याच्यावरही त्याचा थर चढतो. हे फक्त प्रथिनांवरच चिकटतं असं बरीच वर्षं धरलं जात होतं. 2021 मध्ये दिसलं, की आरएनएफ213 हे विकर साल्मोनेलाच्या बाह्यपटलातल्या लिपोपॉलिसॅकराइडवरही, म्हणजे प्रथिन नसलेल्या रेणूवरही, ते बसवतं. मग पी62, ऑप्टिन्युरिन, एनडीपी52 अशी प्रथिनं ती खूण वाचतात आणि पुन्हा स्वभक्षणाचीच वाट धरली जाते.

तिसरी यंत्रणा इंटरफेरॉन गॅमा हा प्रतिकार-पेशींनी सोडलेला संदेशरेणू मिळाल्यावर जोर धरते. जीबीपी नावाची प्रथिनं ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून आणखी एक पटल असलेल्या, जिवाणूवर अक्षरशः लेप देतात. त्याने बाह्यपटल विस्कळीत होतं आणि एपीओएल3 हे दुसरं प्रथिन आत शिरून आतलं पटल डिटर्जंटसारखं विरघळवतं. लायसोसोमची मदत न घेता, पेशीद्रवातच जिवाणू मरतो. याशिवाय शिगेला पेशीच्याच अॅक्टिन या प्रथिनाच्या शेपटीवर स्वार होऊन पळू लागला, तर सेप्टिन प्रथिनांचा पिंजरा त्याला जागीच जखडतो.

जिवाणूही गप्प बसत नाहीत. लिस्टेरिया अॅक्टए प्रथिनाच्या मदतीने पेशीचीच प्रथिनं अंगावर पांघरतो, त्यामुळे त्याच्यावर युबिक्विटिनचा थर नीट चढत नाही. लेजिओनेलाचं रॅव्हझेड एलसी3 असं कापतं, की ते पुन्हा पटलावर जोडताच येत नाही. शिगेलाने तर कहर केला आहे. त्याचं आयपीएएच9.8 हे प्रथिन पेशीचंच युबिक्विटिन पेशीच्याच जीबीपींवर चिकटवतं, आणि पेशी आपली हत्यारं आपल्याच हातांनी मोडीत काढते.

यातलं बरंचसं फक्त प्रतिकार-पेशींपुरतं नाही. आतड्याच्या अस्तराच्या साध्या पेशीतही युबिक्विटिन, गॅलेक्टिन आणि जीबीपी हीच कामं करतात.

प्रश्न : संसर्ग झालेली पेशी स्वतःच फुटून मरते असं वाचलं. त्याने जंतू मोकळे सुटून उलट पसरणार नाहीत का?

उत्तर : रास्त शंका आहे, आणि उत्तर जिवाणूनुसार बदलतं.

मानवी पेशीत कॅस्पेज-4 हे विकर लिपोपॉलिसॅकराइडला थेट चिकटून जागं होतं. उंदरात हेच काम कॅस्पेज-11 करतं. फ्लॅजेलिन (जिवाणूच्या पोहण्याच्या धाग्याचं प्रथिन) किंवा जिवाणूच्या सुईचे भाग पेशीद्रवात सापडले, तर एनएलआरसी4 ही वेगळी यंत्रणा कॅस्पेज-1 ला उठवते. दोन्ही वाटा गॅसडर्मिन-डी या प्रथिनाला कापतात. त्याचे तुकडे पेशीपटलात वर्तुळाकार जमून सुमारे 20 नॅनोमीटर रुंदीची छिद्रं पाडतात. यातून इंटरल्युकिन-1 बीटासारखे संदेशरेणू बाहेर जातात. जिवाणू मात्र 500 नॅनोमीटर किंवा त्याहून जाड, त्यामुळे तो या छिद्रांतून जाऊ शकत नाही. पुढे पटल फाटलं, तरी पेशीच्या सांगाड्याच्या अवशेषांत बरेचसे जिवाणू अडकून राहतात. त्याआधीच बाहेर पडलेल्या संदेशांमुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या असतात आणि त्या अवशेषांसकट जिवाणूला गिळतात. आतड्यात तर संसर्ग झालेली पेशी अस्तरातून सरळ पोकळीत ढकलून दिली जाते.

साल्मोनेलासारख्या जिवाणूविरुद्ध ही चाल चांगली चालते, कारण न्यूट्रोफिलचा सुपरऑक्साइडचा मारा त्याला झेपत नाही. क्षयाच्या बाबतीत तुमची शंका खरी ठरते. तिथे मॅक्रोफेज फुटून मेली, तर जंतू बाहेर पडून मृत पेशींच्या ढिगाऱ्यात वाढतात आणि श्वासमार्गापर्यंत पोचतात. त्याऐवजी पेशीने शांतपणे, पटल शाबूत ठेवून मरावं आणि दुसऱ्या मॅक्रोफेजने तिला गिळावं, हे शरीराच्या सोयीचं असतं. शिगेलाला पेशी लवकर मरायला नको असते, म्हणून त्याचं ओएसपीसी3 हे प्रथिन कॅस्पेज-4 लाच निकामी करतं.

प्रश्न : एवढं सगळं एकटी पेशी करते, तर टी पेशी कशाला लागतात?

उत्तर : संदेश न मिळालेली मॅक्रोफेज आणि इंटरफेरॉन गॅमा मिळालेली मॅक्रोफेज यांच्या कुवतीत खूप मोठं अंतर आहे. जिवाणू गिळलेल्या पेशी इंटरल्युकिन-12 सोडतात. त्याने टी पेशी आणि एनके पेशी (दोन्ही प्रतिकार-पेशीच) इंटरफेरॉन गॅमा बनवतात, आणि ते परत मॅक्रोफेजवर काम करतं. शेकडो जनुकं सुरू होतात : वर सांगितलेली जीबीपी प्रथिनं, ट्रिप्टोफॅन संपवणारं विकर, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर, आणि ज्याला अडवलं होतं तो लायसोसोमपर्यंतचा प्रवासही पुन्हा चालू होतो. इटॅकोनेट हा रेणूही जागृत मॅक्रोफेज भरपूर बनवते. मेदावर गुजराण करणाऱ्या जिवाणूला लागणारं एक विकर तो बंद पाडतो.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. नायट्रिक ऑक्साइड उंदराच्या मॅक्रोफेज सढळपणे बनवतात. मानवी मॅक्रोफेज प्रयोगशाळेत फारच कमी बनवतात.

ही साखळी किती मोलाची आहे, हे ती तुटलेली असते तेव्हा दिसतं. इंटरल्युकिन-12 किंवा इंटरफेरॉन गॅमाच्या ग्राहींमध्ये, म्हणजे हे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांमध्ये, जन्मजात दोष असलेल्या मुलांना बहुतेक विषाणूंचा विशेष त्रास होत नाही, पण बीसीजी लशीतला निरुपद्रवी जिवाणू त्यांच्या अंगभर पसरू शकतो, आणि साल्मोनेलाचे आजार पुन्हा पुन्हा होतात. म्हणून बीसीजीनंतर गाठी फुटून वाहत राहिल्या, ताप हटेना किंवा भावंडाला असंच झालेलं असलं, तर ही शंका डॉक्टरांसमोर मांडावी. दोष इंटरल्युकिन-12 च्या बाजूला असेल, तर इंटरफेरॉन गॅमाची इंजेक्शनं उपयोगी पडतात. इंटरफेरॉनची ग्राहीच पूर्णपणे नसेल तर अर्थातच नाही, तिथे मूलपेशी प्रत्यारोपणाचाच विचार करावा लागतो.

प्रश्न : ‘ड’ जीवनसत्त्व घेतलं तर क्षय टळतो का?

उत्तर : कल्पना निराधार नव्हती. मानवी मॅक्रोफेज ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मदतीने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक पेप्टाइड बनवते, हे 2006 मध्ये दाखवलं गेलं. पण मंगोलियातल्या 8,851 शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला 14,000 युनिट किंवा औषधविरहित गोळी देऊन पाहिली, तेव्हा क्षयाच्या संसर्गाच्या प्रमाणात फरक पडला नाही. हे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. कमतरता असेल तर हाडांसाठी जरूर घ्या.

प्रश्न : जंतूंना लोह लागतं म्हणतात. संसर्ग असताना लोहाच्या गोळ्या थांबवाव्यात का?

उत्तर : स्वतःच्या मनाने नाही. पेशी कप्प्यातलं लोह आणि मँगनीज एनआरएएमपी1 या पंपाने बाहेर काढून जिवाणूची उपासमार करते, हे खरं. पण संपूर्ण शरीराच्या पातळीवर गणित उलटं होऊ शकतं. संसर्गात यकृत हेप्सिडिन सोडतं, त्याने मॅक्रोफेजमधून लोह बाहेर जाण्याचं दार बंद होतं आणि रक्तातलं लोह घटतं. रक्तात वाढणाऱ्या जिवाणूला ते मारक ठरतं, मॅक्रोफेजमध्ये बसलेल्याला सोयीचं ठरू शकतं. अशा वेळी ‘रक्तात लोह कमी’ हा अहवाल खऱ्या कमतरतेचा असेलच असं नाही, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही संसर्गात वाढलेलं असतं. तीव्र ताप असताना शिरेतून लोह देणं डॉक्टर सहसा पुढे ढकलतात.

प्रश्न : विषमज्वराच्या रुग्णाच्या रक्तातला साल्मोनेला प्रयोगशाळेतल्या प्लेटवर जेंटामायसिनने मरतो. मग ते औषध का देत नाहीत?

उत्तर : प्लेटवर जिवाणू उघड्यावर असतो, रुग्णात तो मॅक्रोफेजच्या कप्प्यात असतो. जेंटामायसिन पेशीपटलातून सहज पार होत नाही. हळूहळू आत गेलं, तरी लायसोसोममध्ये साचतं आणि आम्लात त्याचा जोर कमी होतो. म्हणूनच साल्मोनेलाच्या अहवालात अमिनोग्लायकोसाइड (जेंटामायसिनचा गट) आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन ‘लागू’ म्हणून लिहू नयेत, असा प्रयोगशाळांचा नियम आहे.

अॅझिथ्रोमायसिन, फ्लुरोक्विनोलोन, डॉक्सिसायक्लिन, रिफाम्पिसिन ही औषधं पेशीत चांगली शिरतात. पण आत शिरणं म्हणजे आत काम करणंही नव्हे. अॅझिथ्रोमायसिन लायसोसोममध्ये प्रचंड साचतं, मात्र आम्लात त्याचीही धार बोथट होते. तरी साठा इतका मोठा असतो, की उपयोग होतो. पायराझिनामाइड नेमकं याच्या उलट : तटस्थ माध्यमात ते क्षयाच्या जंतूला जवळपास काहीच करत नाही, सामू 5.5 च्या आसपास मारतं. त्यामुळे त्याची संवेदनशीलता-चाचणी आम्लधर्मी माध्यमात करावी लागते आणि जरा सामू चुकला की अहवाल चुकतो.

सेफ्ट्रिअॅक्सोन पेशीत फारसं शिरत नाही, तरी विषमज्वरावर चालतं. ताप उतरायला मात्र वेळ लागतो. चौथ्या दिवशी ताप आहे म्हणजे औषध फसलं, अशी घाई करू नये. ब्रुसेला या जिवाणूच्या आजारात डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे आणि जोडीला रिफाम्पिसिन सहा आठवडे किंवा स्ट्रेप्टोमायसिन दोन-तीन आठवडे असा लांब उपचार असतो. तो मध्येच सोडला तर आजार उलटतो, आणि बहुधा त्यामागे औषधाला सरावलेला जिवाणू नसतो, कप्प्यात तगून राहिलेला जुनाच असतो.

प्रश्न : संधिवातासाठी टीएनएफ-विरोधी इंजेक्शन सुरू करायचं आहे. आधी क्षयाची तपासणी का सांगतात?

उत्तर : दबलेल्या क्षयाच्या जंतूंना घेरून ठेवणारी पेशींची गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, टीएनएफ या संदेशरेणूमुळे टिकते. ते अडवलं की गाठ विस्कटते. 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ-विरोधी औषधानंतर क्षय झालेल्या 70 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यात क्षय बहुतांशी पहिल्या काही महिन्यांत, मध्यक 12 आठवड्यांनी, उद्भवला होता आणि निम्म्याहून अधिक जणांत तो फुप्फुसाबाहेर होता. खोकला नसतानाही महिनाभर बारीक ताप, वजनात घट, पोटात पाणी, मानेत गाठ यांकडे म्हणूनच गांभीर्याने बघावं.

मँटू ही त्वचाचाचणी किंवा इंटरफेरॉन गॅमाची रक्तचाचणी आणि छातीचा एक्स-रे, इतकं किमान हवं. सुप्त संसर्ग आढळला तर आयसोनियाझिड सहा किंवा नऊ महिने, किंवा आयसोनियाझिड-रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे 12 डोस देतात, आणि त्यातला निदान एक महिना झाल्यावर इंजेक्शन सुरू करतात. स्टिरॉइड चालू असेल तर चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. ते आधीच सांगा.

प्रश्न : आम्ही मॅक्रोफेजमध्ये साल्मोनेला किती वाढतो हे जेंटामायसिन संरक्षण-चाचणीने मोजतो. 2 तासांनी भरपूर कॉलनी येतात, 24 तासांनी जवळपास शून्य. मॅक्रोफेज इतक्या छान मारतात का?

उत्तर : बहुधा नाही. या चाचणीत जेंटामायसिन पेशीबाहेरचे जिवाणू मारतं, आतले वाचतात, आणि मग पेशी फोडून ते मोजतात. आधी पद्धत तपासा. 24 वेलच्या (खाचांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला दोन ते पाच लाख पेशी आणि पेशीमागे 10 जिवाणू. पाच मिनिटं हलकं सेंट्रिफ्यूज, मग 37 अंशांवर 30 मिनिटं. बफरने तीनदा धुवायचं. मग 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर जेंटामायसिन एक तास, आणि त्यानंतर पुढच्या सर्व वेळासाठी 10 ते 20 मायक्रोग्रॅम. पेशी फोडण्यासाठी 0.1 टक्के ट्रायटन एक्स-100 हा डिटर्जंट, दहा मिनिटं.

तुमच्या आकड्यांवरून पहिला संशय असा, की 100 मायक्रोग्रॅमचं माध्यम 24 तास तसंच राहिलंय. इतक्या वेळात ते पेशीत शिरतं आणि आतल्या जिवाणूंना मारतं. दुसरा संशय, पेशीच मेल्या. पटल फाटलं की जेंटामायसिन सरळ आत जातं, आणि मॅक्रोफेज ‘जिंकल्या’ असं भासतं. प्रत्येक वेळबिंदूला माध्यमातलं एलडीएच, म्हणजे मेलेल्या पेशींतून गळणारं विकर, मोजा. मृत पेशींचं प्रमाण मोठं निघालं, तर जिवाणूंचं प्रमाण 10 वरून 1 वर आणा. फ्लॅजेलिन भरपूर बनवणारे, जोमाने वाढत्या अवस्थेतले जिवाणू मॅक्रोफेजला तासाभरात मारतात, म्हणून रात्रभर वाढवून स्थिरावलेलं संवर्धन घ्या. तिसरी चूक क्षुल्लक पण नेहमीची : पेशी फोडण्याआधी जेंटामायसिन धुऊन न काढणं.

दोन कंट्रोल हवेतच. नुसते जिवाणू 100 मायक्रोग्रॅम जेंटामायसिनमध्ये एक तास ठेवले तर कॉलनी शून्य यायला हवी. नुसते जिवाणू ट्रायटनमध्ये दहा मिनिटं ठेवले तर संख्या बदलता कामा नये. पेशी वाढवण्याच्या माध्यमात नेहमीचं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन राहिलेलं नाही ना, हेही बघा.

मोजताना 30 ते 300 कॉलनी असलेली प्लेटच धरा. शंभरपट विरल केलेल्या द्रवाचे 100 मायक्रोलिटर पसरून 84 कॉलनी आल्या, तर मूळ द्रवात मिलिलिटरला 84 × 10 × 100 म्हणजे 84,000 जिवाणू झाले.

सगळं नीट झालं, तरी हा आकडा वाढ वजा मृत्यू इतकंच सांगतो. संख्या स्थिर दिसली, तर जिवाणू झोपले आहेत की जितके वाढतात तितकेच मरतात हे त्यातून कळत नाही. जिवाणू कप्प्यात आहेत की पेशीद्रवात, हेही नाही. त्यासाठी शेवटचा एक तास जेंटामायसिनसोबत सुमारे 400 मायक्रोमोलर क्लोरोक्वीन द्या. क्लोरोक्वीन आम्लधर्मी कप्प्यांत साचून तिथल्या जिवाणूंना मारतं, पेशीद्रवातले वाचतात. त्याच वेळी क्लोरोक्वीन न दिलेल्या वेलही मोजा. दिलेल्या वेलमधली संख्या भागिले न दिलेल्या वेलमधली संख्या, हे पेशीद्रवातल्या जिवाणूंचं प्रमाण.